मनुकांचा रस

ता. ३ ऑक्टोबर १९५४, रविवार. दानाच्या थैलीत अकरा रुपये साडेनऊ आणे जमले. पनवेलच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या मानाने रक्कम चांगली होती आणि रेव्हरंड धर्मराज उमाप यांनी टेबलामागे उभे राहून ती मंडळीला मोठ्याने सांगितली. कोणतीही गोष्ट मोठ्याने आणि ठामपणे सांगायची त्यांची पद्धत होती.

नगरकडून येऊन त्यांना पनवेलला सहा वर्षे झाली होती. मंडळीत शाळामास्तर, नर्सबाई, मीठखात्यातले कारकून अशी माणसे. रविवारी उपदेशाच्या आधी पाळकसाहेब आठवड्याच्या बातम्यांवर बोलत. त्या वर्षी गोव्याचा प्रश्न पेटला होता. गोव्याच्या रस्त्याने सत्याग्रही जात होते, आणि बाजारात एखादा ख्रिस्ती माणसाला हटकून विचारी, "काय हो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" धर्मराजांनी व्यासपीठावरूनच उत्तर दिले होते : "आपला देव लिस्बनहून बोटीने आलेला नाही. आपण या मातीतले आहोत आणि गोवाही." दारूबंदीवर तर त्यांचे लागोपाठ तीन उपदेश झाले होते. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि पेला वाटून घ्यायच्या विधीसाठी, द्राक्षारस आणायचा तर सरकारी परवाना मिळत असे. तो त्यांनी मागितलाच नाही. परवान्यावरची बाटली माझ्या टेबलावर नको, असे त्यांनी मंडळीच्या पंचांना सुनावले होते. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी पाळकीणबाई, म्हणजे चंद्रावतीबाई, शनिवारी मनुका भिजवून रस काढत.

या रविवारी विठू पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होता. विठू पळस्प्याचा, एस.टी.च्या डेपोत टायर बदलायच्या कामावर. पूर्वी पगाराच्या दिवशी तो खाडीकाठच्या चोरट्या गुत्त्यावर जाई आणि तिसऱ्या दिवशी घरी येई. त्याची बायको भामा आजारी पडली तेव्हा नर्सबाईंमुळे दोघे मंडळीत येऊ लागले. विठूने दारू सोडली त्याला तीन वर्षे झाली होती. बाप्तिस्मा होऊन महिना झाला होता. आज तो धुतलेला सदरा घालून तिसऱ्या बाकावर बसला होता, आणि भामा त्याच्याकडे नाही, टेबलाकडे पाहत होती.

या आठवड्यात चंद्रावतीबाई बुधवारपासून बहिणीकडे उरणला राहणार होत्या, म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना मंगळवारीच रस करून ठेवायला सांगितले. मनुका महाग, म्हणून रस पुरवठ्याला यावा यासाठी त्यात गूळ घालायची युक्तीही पाळकसाहेबांचीच. खराब होऊ नये म्हणून त्यांनी स्वतः बाटलीला बूच ठोकले आणि वरून सुतळी बांधली. मनुका, गूळ, बंद तोंड आणि ऑक्टोबरची उष्णता. गुत्तेवाल्यांनाही याहून वेगळे काही करावे लागत नसे.

भाकर मोडून झाली. मंडळीसमोर रस पेल्यात ओतायचा म्हणून धर्मराजांनी सुतळी सोडली. बूच फट्ट आवाज करून उडाले ते पहिल्या बाकापाशी पडले. पांढऱ्या कापडावर फेस सांडला आणि वास पसरला. तो कसला, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबले.

खजिनदार कमळाकरराव वाकून हलकेच म्हणाले, "फेस काढून घ्या, पाळकसाहेब. घोटभराने काय होतंय? मंडळी खोळंबलीय."

धर्मराजांनी मान वर केली. विठू उभा राहिला होता. भामाने त्याची बाही धरली होती. त्याने ती सोडवली आणि तो दाराबाहेर गेला.

धर्मराजांनी बाटली खाली ठेवली. "याची दारू झाली आहे," ते म्हणाले, "आणि ती मी केली आहे. ही कुणालाही मिळणार नाही. तुम्ही गीत म्हणत राहा, मी आलोच."

"कुठलं गीत?" कमळाकररावांनी विचारले.

"सर्वांत लांब असेल ते."

अंगावरच्या काळ्या झग्यासह ते रस्त्यावर आले. पळस्प्याची वाट उजवीकडे. विठू डावीकडे, खाडीच्या अंगाला वळला होता.

"विठू, थांब."

"मागं नका येव, पाळकसाहेब. झगा मातीत लोळतोय तुमचा."

"झगा धुता येतो. कुठे निघालास?"

विठू थांबला, पण वळला नाही. "तीन वरसं वास नाकाशी आला नवता. गुत्त्याच्या वाटनं जात नाय मी. आज तुमच्याच टेबलावर आला. मना वाटलं, देवाच्याच घरी हाय, तं मी कोन नाय म्हननारा?"

धर्मराजांना वचने तोंडपाठ होती. दुःखितांसाठी एक, पश्चात्तापासाठी एक, मोहासाठी तर चार. त्यातले एकही त्यांनी काढले नाही.

"मला ताजा रस करायचा आहे," ते म्हणाले. "पलीकडे एस्तेरबाईंकडे मनुका असतात. तू चल. माझ्या एकट्याच्या हातून काय होतं ते पाहिलंस ना आता."

विठूने वळून पाहिले. "गूळ घातला व्हता?"

"घातला."

"आन् बूच?"

"घट्ट. वर सुतळी."

"मंग दारूच केलीत की. दुसरं काय व्हनार?" विठू म्हणाला. त्याला हसू आले आणि ते आवरताना त्याचे डोळे भरले. मागून भामा येऊन पोहोचली होती. ती खाडीच्या बाजूने त्याला वळसा घालून उभी राहिली.

एस्तेरबाई बेने-इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, विधवा, शिवणकाम करून राहणाऱ्या. शुक्रवारी संध्याकाळच्या शब्बाथाच्या प्रार्थनेसाठी त्यांच्याकडेही मनुकांचाच रस लागे. दारात झगा घातलेला पाळक, मागे विठू आणि भामा पाहून त्या म्हणाल्या, "काय हो, अर्धी मंडळी इकडेच आणलीत?"

धर्मराजांनी घडले ते सांगितले. एस्तेरबाईंनी डब्यातून पाव शेर मनुका काढल्या आणि चुलीवरच्या पातेल्यातले ऊन पाणी त्यांवर ओतले.

"आम्ही सकाळी भिजवतो, संध्याकाळी संपवतो," त्या म्हणाल्या. "हजारो वर्षांचा रिवाज आहे. त्यात गूळ घालणारे तुम्हीच पहिले."

"काटकसर केली, एस्तेरबाई."

"दिसतंय ना. पाळकीणबाईंना विचारलं होतंत?"

"नाही."

"तेही दिसतंय."

मनुका फुगल्यावर विठूने हात धुऊन त्या कुस्करल्या. भामाने पातळ फडक्यातून रस गाळला. विठूने तो हुंगून पाहिला आणि तांब्या पाळकसाहेबांकडे दिला. "यो बरा हाय."

ते परतले तेव्हा मंडळी तिसऱ्या गीतावर होती आणि कमळाकररावांचा घसा बसला होता. धर्मराजांनी आधी ती बाटली सर्वांदेखत मागच्या गटारात रिकामी केली. मग पेला भरला. विठूची पाळी आली तेव्हा त्याने पेला नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला, आणि प्याला. धर्मराजांनी त्याला घाई केली नाही.

बाजारात महिनाभर "चर्चची भट्टी" हा विनोद चालला. पुढच्या रविवारी धर्मराजांनी तो स्वतःच व्यासपीठावरून सांगितला आणि दारूबंदीवरचा चौथा उपदेश केला. तो पहिल्या तिन्हींपेक्षा आखूड होता. लोकांच्या मते चांगलाही होता. विठू पुढे एकदा घसरला, भावाच्या लग्नात, १९५७ साली. दुसऱ्या दिवशी डेपोत जायच्या आधी तो पाळकसाहेबांच्या पायरीवर येऊन बसला. "काल घेतली," म्हणाला. धर्मराजांनी चहा मागवला आणि महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी नेहमीसारखे ये म्हणून सांगितले. कारण त्या ऑक्टोबरपासून प्रभुभोजनाच्या मनुका विठूच कुस्करत असे आणि ते काम त्याच्याकडून कुणी काढून घेतले नाही. १९६१ साली धर्मराजांची बदली झाली, त्यानंतरही नाही.

एस्तेरबाईंच्या मनुकांचे पैसे द्यायचा प्रश्न मात्र पंचांत तीनदा निघाला. खजिनदार कमळाकरराव पावतीशिवाय देईनात. एस्तेरबाई म्हणत, शेजाऱ्याला पावती मी देत नसते. धर्मराज स्वतःच्या खिशातून देऊ लागले, तर त्या म्हणाल्या, "रस मंडळी प्यायली, तुम्ही एकटे नाही." विठूचे पैसे धर्मराजांनी घेऊ दिले नाहीत.

त्या पाव शेर मनुकांचे नऊ आणे, म्हणजे नव्या पैशांत छप्पन्न. मंडळीकडून एस्तेरबाईंना ते अद्याप देणे आहेत.