समोरचा दात आणि मागची रांग

आमच्या बँडच्या ट्रंपेटवाल्याला सगळे सरदार म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच, की तीस वर्षं तो मिरवणुकीच्या पुढे चालला आणि मागे कोण येतंय हे त्यानं कधी वळून पाहिलं नाही. एरवी तो टपाल कचेरीत शिक्के मारी. सुटीच्या दिवशी संचलनात कवायतीच्या धुना, लग्नात नाचाच्या आणि हॉटेलात जॅझ वाजवी. जॅझ त्याला फारसा येत नव्हता. पण त्यात चूक कोणती आणि करामत कोणती हे ऐकणाऱ्यांनाही कळत नसल्यामुळे तिथं त्याचं नाव सगळ्यात मोठं होतं.

एक्कावन्नाव्या वर्षी त्याचा समोरचा दात हलायला लागला.

"काढावा लागेल," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मी ट्रंपेट वाजवतो. त्याची फुंकायची वाटी इथंच टेकते, ह्याच दातावर."

"मग वाजवा की. फक्त पेरू खाऊ नका."

एवढा मोलाचा सल्ला मिळाल्यावर सरदारानं दात काढला आणि खोटा बसवला. पहिल्याच तालमीत वरचा सूर लावताना तो निखळून घशाशी गेला. सरदार डोळे पांढरे करून थांबला. मी मोठा ड्रम वाजवत होतो. मला वाटलं, आज गडी भावनेनं भरून आला.

बँडमास्तरांना इतिहासाची हौस. त्यांनी सांत्वनही इतिहासातूनच केलं. "अहो, पूर्वी ट्रंपेटला बोटांनी दाबायच्या कळाच नव्हत्या. राजा आला, शत्रू आला, एवढंच सांगायचं. मोजक्या सुरांत काम भागायचं."

"माझा मेहुणा अजून त्याच काळात आहे," सरदार म्हणाला.

पण पुढची जागा त्याच मेहुण्याला मिळाली. बायकोच्या आग्रहाखातर आठ वर्षांपूर्वी सरदारानंच त्याला ट्रंपेट शिकवलं होतं. माणूस आपल्या हातानं काय काय करून ठेवतो! सरदाराला मागच्या रांगेत ट्युबा दिला, खर्जात घुमणारं अवजड पितळी वाद्य. त्याची वाटी मोठी, दातावर भार कमी.

"दाजी, काळजी करू नका. तुमची जागा मी सांभाळतो," मेहुणा म्हणाला. हे वाक्य तो आठ वर्षं पाठ करत असावा.

ट्युबा घरी आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हा हंडा ठेवायचा कुठं?" तो दाराआड ठेवला. दार अर्धंच उघडायला लागलं आणि जाडजूड चुलत सासूबाईंचं येणं बंद झालं. सरदाराला ट्युबाचा हा पहिला गुण कळला. बाकी त्याला वाजवताना लाजच वाटे. सगळी चाल मेहुण्याकडे. ह्याच्याकडे नुसतं पों, पों.

मग एका निवृत्त मुख्याध्यापिकेची अंत्ययात्रा आली. मेहुण्यानं संथ धून अशा वेगात सुरू केली, की नवरा मुलगा घोड्यावर बसायचा बाकी राहावा. खांदेकरी आधी भरभर चालले, मग चक्क धावायला लागले. बाईंनी उभ्या जन्मात शाळेत कुणाला पळू दिलं नव्हतं.

मागून सरदाराचा पों आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा पों. मी त्याच्याकडे पाहिलं; त्यानं भुवई उडवली. मी ड्रम त्याच्या पों-बरोबर धरला, बाकीचे आमच्यामागे आले. मेहुणा एक अख्खी ओळ पुढे निघून गेला, एकटाच वाजवत राहिला, मग वळून बघून थांबला आणि मुकाट्यानं आमच्या लयीत आला. खांदेकऱ्यांना श्वास मिळाला.

शेवटी बाईंची लेक आली आणि मेहुण्याचा हात धरून म्हणाली, "किती संयम आहे तुमच्या वाजवण्यात!"

"अनुभव असतो हो," मेहुणा म्हणाला.

घरी बायको चिडली. "माझा भाऊ असला तरी सांगते, तिथल्या तिथं बोलायचं होतंत!"

"कशाला? आज पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं," सरदार म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी तालमीला तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, ट्युबा मांडीवर घेऊन, फडक्यानं पुसत.

पुढे नऊ वर्षं त्यानं ट्युबा वाजवला. मेहुणा वर्तमानपत्रात दोनदा झळकला. दोन्ही फोटोंत सरदाराचा चेहरा मेहुण्याच्या कोपरामागे आहे. धून किती वेगानं घ्यायची हे मात्र बँडमास्तर मागे बघूनच विचारत.