दहा पायांची सुकट

ऑक्टोबर सरता सरता आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत सप्तपर्णीचा वास इतका दाटतो की माझं डोकं दुखतं. पण त्या झाडांविरुद्ध कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. तक्रार झाली ती माझ्या सुकटीची. मालवणहून भावजयीनं डबाभर पाठवलेली, खळ्यात उन्हावर खडखडीत वाळलेली बारकी कोळंबी. शेजारणीनं जिन्यात नाकाला ओढणी लावली, आणि माझ्या मुलानं, केंद्र सरकारातल्या साहेबानं, मी अंघोळीला गेले असताना डबा कचऱ्याच्या गाडीत रिकामा केला. वर मलाच म्हणाला, "आई, इथे नाही चालत हे. समज ना."

समजतं मला. मी चौथीपर्यंत शिकले तीही मागच्या खिडकीशी बसून, कारण मासे विकणारीची मुलगी म्हणून मास्तरांनी माझी जागा वासावरून ठरवली होती. त्याच मासळीवर हा साहेब झाला.

चार दिवसांनी नात वही घेऊन आली. "आजी, प्रोजेक्ट आहे. श्रिम्प कुठल्या ग्रुपमध्ये येतो ते लिहायचंय, आणि खरा चिकटवायचाय." मागे दारात मुलगा उभा. "एखादी असेल का गं, आई?"

"कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचार," मी म्हणाले.

ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, एक मूठ सुकट बांधून ठेवलेली होती. माझा मुलगा मला ठाऊक आहे. पण मी काढून देईना. नात तोवर पुस्तकातून वाचत होती: कोळंबी हा मासाच नव्हे, तिला पाठीचा कणा नाही, ती सांधे असलेल्या पायांच्या प्राण्यांतली, त्यांतही कवचवाल्यांतली, त्यांतही दहा पायांची, खेकड्याच्या जवळची. "आणि दूरचा रिश्तेदार कॉकरोच! ईऽ!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर मासळी म्हणून विकली ती झुरळाच्या गोतातली? पण पुस्तकाशी भांडता येईना. त्यानं पाय मोजले होते, कवच पाहिलं होतं. वास विचारला नव्हता. माझ्या मास्तरांपेक्षा ते बरं.

"देते," मी म्हणाले, "पण पाय बापानं मोजायचे."

वाळलेले पाय तुटू नयेत म्हणून सुकट कोमट पाण्यात भिजवली, तसा घरभर वास सुटला. जिन्याकडचं दार मी मुद्दाम सताड उघडलं. पोटाखालचे पोहायचे पाय वेगळे, ते सोडून मोज, एवढंच सांगितलं. साहेब वर्तमानपत्रावर वाकून मोजू लागला. सातावर असताना जिन्यात पावलं वाजली. तो अर्धवट उठला.

"पप्पा, हलू नका ना, तुटेल!"

तो तसाच थांबला, मग बसला. आठ. नऊ.

माझा राग उतरलेला नाही, उतरणारही नाही. फक्त एवढं दिसलं की सुकट त्यानं शेपटीकडून, हलक्या चिमटीत धरली होती. लहानपणी बाजारात माझ्याजवळ बसून धरायचा तशी.