दिराच्या अंगठ्याची सुट्टी

माझ्या धाकट्या दिराइतका स्वस्थ बसायला नालायक माणूस साऱ्या मोखाड्यात नाही. चुलीतला निखारा बोटांनी उचलून विडी पेटवायची, भाताच्या रोपासाठी राब भाजताना पेटता पाला हाताने सारायचा, खेकड्याच्या बिळात कोपरापर्यंत हात घालायचा आणि वर म्हणायचं, "काठी कशाला? काठीला काय कळतं?" स्वतःसाठी मुलगी बघायला गेला, तिथे त्यांचा पडका कूड दिसला, तर तोच बांधत बसला. मुलगी आम्हीच बघितली.

मोबाइल त्याने कधी बाळगला नाही, मग ओटीपी येणार कुठे? त्यामुळे शेतकऱ्यांचे सरकारी पैसे चालू ठेवायला अंगठाच लावावा लागला. खोडाळ्याच्या सेवा केंद्रावर त्याने तो टेकवला आणि यंत्रात लाल दिवा लागला. दहा वेळा लावला, दहा वेळा लाल. केंद्रावरची मुलगी म्हणाली, "काका, रेघाच नाहीत. आठवडाभर हाताला काम देऊ नका, तेल लावा. पुढच्या बाजाराला या. तो शेवटचा दिवस, मग नाव कटेल."

दिवस आवणीचे, भात लावायचे. पण त्या पैशातून खत आणि बायकोचं औषध येतं, म्हणून ऐकावं लागलं. अंगठ्याला फडकं गुंडाळून तो बाळंतिणीसारखा बांधावर बसला. बायको, सून चिखलात आणि हा वरून ओरडतोय, "अगं, रोप लावतेस की खुंटे ठोकतेस?"

बायको म्हणाली, "शेतीचे पैसे घ्यायला शेतीच सोडली. वा रे शेतकरी!"

रोज सकाळी माझ्या ओट्यावर यायचा, फडकं सोडून अंगठा उजेडात धरायचा. "वहिनी, रेघ आली का गं?"

मला खोटं बोलता येत नाही. "नाही," म्हणायची. सहाव्या दिवशी मात्र दोन रेघा दिसल्या. सगळा पाडा बघून गेला.

बाजाराच्या दिवशी पाऊस कोसळत होता. तो जीपकडे निघाला आणि माझ्या खाचराचा बांध फुटला. कालच लावलेलं रोप वाहायला लागलं. घरात मी एकटी. दगड ओढत होते, तेवढ्यात वरच्या वाटेवर तो थांबलेला दिसला.

"जा!" मी ओरडले. "जीप जाईल. इकडे बघू नको."

त्याने अंगठ्याकडे बघितलं. मग दातांनी फडक्याची गाठ सोडली आणि खाली उतरला.

"हो बाजूला. तुला दगड बसवता येत नाही."

दुपारी आम्ही दोघं केंद्रावर पोचलो. त्याची बोटं सोललेली. अंगठा यंत्रावर टेकवला. लाल. पुन्हा लाल. त्या मुलीने आपल्या ओढणीने अंगठा पुसून लावला. लाल.

"काका, काय केलंत हो?"

"काही नाही," तो म्हणाला. "सवय."

नाव कटलं. अर्ज दिलाय, तालुक्याच्या फेऱ्या चालू आहेत. बांध मात्र हलला नाही. भात झोडला की पहिली पाटी मी त्याच्या घरी ओतते. "कशाला गं?" म्हणतो. "गप खा," म्हणते.

विडी आता चिमट्याने पेटवतो. अजूनही कधी ओट्यावर येऊन अंगठा पुढे धरतो. मी बघते. दगडासारखा गुळगुळीत असतो.

"आली रे," म्हणते.