इगतपुरीच्या बाईंचं मत

नाशकातल्या एका खासगी वाचनालयाची घरपोच सेवा म्हणजे मंजुषा. एक ॲक्टिव्हा, दोन पिशव्या आणि ती स्वतः, एवढाच त्या सेवेचा पसारा. वाचकांच्या बाबतीत तिचा एक पक्का अनुभव होता. वजनदार, वैचारिक पुस्तकं वाचणारी माणसं वाचनालयात स्वतः येतात आणि चारचौघांना दिसेल असं पुस्तक उघडून उभी राहतात. प्रेमाच्या कादंबऱ्या वाचणारे मात्र पुस्तकं घरी मागवतात. त्यामुळे तिच्या पिशव्यांमध्ये बहुतेक प्रेमच असायचं.

अंबडच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा जन्म घालवलेले निवृत्तीमामा तर बायकोच्या, रंगूबाईंच्या नावानं सभासद झाले होते. रंगूबाईंनी आयुष्यात दिनदर्शिकेपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. पण पुस्तक परत देताना मामा डोळे पुसत म्हणायचे, "आमच्या हिला लय आवडलं पोरी. लय रडली." आतून रंगूबाई ओरडायच्या, "मी कशाला रडू?" मंजुषा हे ऐकलंच नाही असं दाखवायची.

तिचा स्वभाव चौकस. प्रत्येक दारात ती विचारायची, "कसं होतं पुस्तक?" आणि पुढच्या दारातला वाचक तिला विचारायचा, "आणखी कुणी वाचलंय का हे? काय म्हणाले?" मग ती सांगायची. अशी हळूहळू पुस्तकांबरोबर मतांचीही ने-आण सुरू झाली. देवळाली कॅम्पातली रिदा म्हणायची, नायक दिसायला राजबिंडा पण डोक्यानं मठ्ठ. ते मत अंबडला पोचायचं आणि निवृत्तीमामा चिडायचे. त्यांचं उत्तर पुढच्या फेरीत कॅम्पात जायचं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं मंजुषाच्या तोंडून कडाकडा भांडायची. मंजुषाला स्वतःला काय वाटतं, हे मात्र कुणी विचारत नसे. पोस्टमनला पत्रातलं काय कळतं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

या मतांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे पंडित कॉलनीतल्या सुमनबाई. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगा बंगळूरला. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी तर केव्हाच असहकार पुकारलेला. दूध, भाजी, औषधं वर यायची. सुमनबाई खाली जायच्या नाहीत. त्यांच्या आठवड्यात गुरुवार हा एकच वार खरा होता, कारण गुरुवारी मंजुषा यायची. चहा तयार असायचा, आणि कप हातात देण्याआधीच प्रश्न यायचा, "बोल, काय म्हणतेय मंडळी?"

'मंडळी' हा शब्द त्या अशा थाटात उच्चारायच्या की जणू सगळे शेजारच्या खोलीत बसले आहेत.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी पंचाईत झाली. पुस्तक कोरं करकरीत होतं, सुमनबाईंआधी ते कुणीच वाचलेलं नव्हतं. "कुणीच नाही?" त्यांनी विचारलं आणि त्यांचा चेहरा इतका उतरला की मंजुषाला बघवेना. खरं तर कुणीच नाही असं नव्हतं. दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये झाडाखाली गाडी लावून मंजुषानं ते वाचून काढलं होतं. पण 'मी वाचलंय' असं म्हणायला तिची जीभ वळेना. ती म्हणाली, "इगतपुरीच्या एका बाईंनी वाचलंय."

इगतपुरी का, तर लांब म्हणून. पावसापाण्याच्या त्या गावी सुमनबाई काही चौकशीला जाणार नव्हत्या.

"इगतपुरीला पुस्तकं जातात आपली?"

"एक ओळखीची पॅसेंजरनं रोज ये-जा करते. तिच्यासोबत देते."

"नाव काय त्यांचं?"

"रूपालीताई."

"आणि काय म्हणाल्या?"

मंजुषानं घोटभर चहा घेतला. "म्हणाल्या, नायिकेला लग्नाआधी स्वयंपाक येत नाही हे वाचून बरं वाटलं. फक्त लग्नानंतर एका रात्रीत कसा आला, ते कळलं नाही."

सुमनबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. झालं, इगतपुरीच्या बाई मंडळीत दाखल झाल्या.

एक खोटं पचवायला दहा खोटी बोलावी लागतात म्हणतात. मंजुषाला दहा पुरली नाहीत. रूपालीताईंना दोन मांजरं झाली, रेल्वेच्या क्वार्टरमधलं लहानपण झालं, सांधेदुखीही झाली. सांधेदुखीचं ऐकून सुमनबाईंनी त्यांच्यासाठी तेलाची बाटली पाठवली. पण सगळ्यांत मुख्य म्हणजे त्यांना मतं फुटली, आणि ती मतं होती तिखट. श्रीमंत नायक गरीब नायिकेला पावसात गाडीतून सोडतो, तेव्हा रूपालीताई विचारायच्या, तिची सायकल कुठे गेली मग? नायक नायिकेला 'वेडी कुठली' म्हणतो, तेव्हा त्या म्हणायच्या, एकदा म्हणाला तर लाड, दहादा म्हणाला तर डॉक्टर गाठावा. मंजुषा आता प्रत्येक पुस्तक आधी वाचायची आणि गुरुवारची वाट बघायची. आपल्याला इतकी मतं आहेत, हे तिला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेही दुसऱ्या बाईच्या नावावर!

मग एक निळ्या कव्हरची कादंबरी आली. नायक बोटीवर जातो, नायिका अकरा वर्षं त्याची वाट बघते, शेवटी तो दारात उभा राहतो आणि ती म्हणते, "मला माहीत होतं, तू येशील." निवृत्तीमामांची 'ही' म्हणे दोन दिवस जेवली नाही. सुमनबाईंचेही डोळे भरून आले. "प्रेम असावं तर असं," त्या म्हणाल्या. "इगतपुरी काय म्हणते?"

मंजुषानं ठरवून आणलेलं काही वेगळंच होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"त्या म्हणाल्या, लिहिणारीला वाट बघणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. अकरा दिवाळ्या तिनं कुणासाठी फराळ केला, ते कुठे आहे पुस्तकात? वाट बघणाऱ्या बाईला माणसाच्या आठवणीचा त्रास होत नाही एवढा. 'काही कळलं का गं?' असं विचारणाऱ्यांचा होतो. आणि अकरा वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आधी विचारायचं असतं, इतके दिवस कुठे मेला होतास म्हणून."

सुमनबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "या बाईला मला भेटायचंय."

मंजुषा घाईघाईनं म्हणाली, "त्या कुणाला भेटत नाहीत, बाई."

"मला भेटतील. अगं, असं उगाच सुचत नाही माणसाला. काहीतरी झालेलं असतं. काय झालं ते मला विचारायचंय त्यांना."

त्या दिवसापासून मंजुषाची झोप उडाली. कधी रूपालीताई मुलीकडे गेल्या, कधी मांजर व्यायलं. सुमनबाईंनी सगळी कारणं ऐकून घेतली आणि शेवटी तळमजल्यावरच्या कुंदनची गाडी सांगितली. कुंदन भाड्याची गाडी चालवायचा. रविवारी सकाळी निघायचं आणि मंजुषानं घर दाखवायला बरोबर यायचं, असा हुकूम निघाला.

रूपालीताईंना मारूनच टाकावं का, असंही मंजुषाच्या मनात येऊन गेलं. झटका आला, गेल्या बिचाऱ्या. पण मग सुमनबाई सुतकात बसल्यासारख्या बसतील, हेही तिला दिसत होतं. आणि खरं सांगितलं तर? चहा बंद होईल, मंडळी मोडेल, आणि सुमनबाईंना सगळ्यांची सगळी मतं खोटीच वाटायला लागतील. त्यांच्याकडे दुसरं होतंच काय? मंजुषाकडेही दुसरं काही नव्हतं, पण हे तिनं मनातसुद्धा स्पष्ट म्हटलं नाही.

रविवारी ती आली ती 'रूपालीताई मुंबईला गेल्या' हे वाक्य घोकतच. वर जाऊन दारातच सांगायचं आणि निघायचं, असं ठरवून तिनं गाडी लावली. बघते तर सुमनबाई खाली. वॉचमनच्या खुर्चीत बसलेल्या, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, घामानं डबडबलेल्या. मांडीवर स्टीलचा डबा आणि एक खण.

"बाई, तुम्ही उतरलात?"

"अर्धा तास लागला त्यांना," कुंदन म्हणाला. "जिन्यात बसत बसत आल्या. मी म्हटलं उचलून आणतो, तर ओरडल्या माझ्यावर."

"नारळाच्या वड्या केल्यात," सुमनबाई धापा टाकत म्हणाल्या. "त्यांना आवडतात ना?"

घोकलेलं वाक्य मंजुषानं सोडून दिलं. नसलेल्या बाईसाठी ही बाई तीन मजले उतरून आली होती, आणि आता तेवढेच मजले तिला परत चढायचे होते. मंजुषानं हेल्मेट काढलं आणि सांगून टाकलं. इगतपुरीत कुणी नाही. रूपालीताई नाहीत, मांजरं नाहीत, काहीच नाही.

सुमनबाई डब्याकडे बघत राहिल्या. "नाहीच आहे ती?"

"नाही."

"आणि मी दिलेलं तेल?"

"मी लावलं. पाठ दुखते गाडीवर." मंजुषानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "बरं वाटलं त्यानं."

"पोरांच्या थापा ऐकण्यात जन्म गेला माझा," सुमनबाईंचा आवाज चढला, "आणि या वयात मला तू बनवलंस? मी तिच्याशी बोलत बसायचे गं. भाजी निवडताना, पूजा करताना. तिला हे सांगायचं, तिला ते विचारायचं. लाज नाही वाटली?"

"वाटली. पण तुम्ही हसायचात." मंजुषा रडायला लागली. "माझं मत म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही हसला असता का?"

सुमनबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता. त्यात फक्त दुसरं काहीतरी मिसळलं.

"म्हणजे ते फराळाचं," त्या सावकाश म्हणाल्या, "ते कोण म्हणालं?"

"मीच."

"'काही कळलं का गं' विचारणाऱ्यांचं?"

मंजुषानं मान डोलावली.

कुंदन कंटाळला होता. "बाई, कॅन्सल करायचं का मग?"

"कॅन्सल कशाला? बाई सापडल्या की." सुमनबाईंनी उठण्यासाठी हात पुढे केला. "धर मला. आणि पुढे नको, मागे बस माझ्याशेजारी. जाऊन येऊ इगतपुरीपर्यंत."

गाडी पाथर्डी फाटा ओलांडून इगतपुरीच्या रस्त्याला लागली. मग सुमनबाई म्हणाल्या, "सांग."

मंजुषाला सुरुवात कशी करावी ते कळेना. माहेरी तिला विचारलं होतं, आता पुढे काय करणार? वकिलानं विचारलं होतं, पुरावा काय? काय झालं असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, नवरा सुरतेला कामाला गेला, वर्षभरात नेतो म्हणाला. ती सिन्नरला सासरी थांबली. पुढे पत्ता नाही, फोन नाही.

"मग?"

"पहिल्या दिवाळीला चकल्या केल्या. त्याला आवडायच्या. डबा भरून बाजूला ठेवला, होळीपर्यंत ठेवला. खवट झाल्या तेव्हा सासूबाईंनी म्हशीला घातल्या."

"आणि पुढच्या दिवाळीला?"

"तेव्हाही केल्या. पण त्या मीच खाल्ल्या. स्वयंपाकघराचं दार लावून, एकटीनं, डबाभर. आणि मग कपडे भरले."

सुमनबाई तिच्याकडे वळून बघत होत्या. बिचारी म्हणाल्या नाहीत, बरं केलंस असंही म्हणाल्या नाहीत.

"कशा झाल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

मंजुषानं खिडकीबाहेरची नजर त्यांच्याकडे वळवली. मग डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून तिला हसू फुटलं.

"मस्त झाल्या होत्या, बाई," ती म्हणाली. "इतक्या खुसखुशीत मला परत कधी जमल्या नाहीत."