सेल्फ नसलेली

"तिले सेल्फच नाही ना बाप्पा! दर वेळी मागून धक्का द्या लागते."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतंच मुळी. सासरे, म्हणजे बाबा, सासूबाईंना सांगत होते, आणि मी भिंतीच्या अलीकडे मेथी निवडत होते. लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला. माहेर नाशिक, सासर छत्तीसगडातल्या भिलाईत, हुडको नावाच्या वसाहतीत. आणि शिक्षण? तेही सांगून टाकते, कारण जी काय फजिती झाली ती त्या शिक्षणामुळेच. एम.ए., मानसशास्त्र!

आता मानसशास्त्रवालीच्या कानावर 'सेल्फ' पडला तर तिने काय समजावं? सेल्फ म्हणजे स्वत्व, आत्मभान, आत्मविश्वास. यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती हो! आणि ते माझ्यात नाही, हे सासऱ्यांनी दीड महिन्यात ओळखलं?

मी कमी बोलते हे खरं. बघायला आले तेव्हाही सगळ्या प्रश्नांना मिळून मी दोनदा 'हो' आणि एकदा 'नाही' म्हटलं होतं. पण म्हणून धक्का?

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "दिसायले किती गोड आहे पण!"

"दिसण्याचं काय लोणचं घालायचं? दोन चौक चालली का तापते. पाणी पाजा, सावलीत थांबवा, मंग पुढं."

मेथीची जुडी माझ्या हातून सुटली. कारण आदल्याच आठवड्यात बाजारातून येताना मला ऊन लागलं होतं, आणि सासूबाईंनी मला लिंबाखाली बसवून पाणी पाजलं होतं. म्हणजे बोलणं माझ्याबद्दलच. पुरावा आणखी काय हवा?

मी ठरवलं, सेल्फ दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाहीर केलं, "आज चहात आलं घातलंय. मला वाटलं म्हणून घातलंय!" बाबांनी कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. भाजीवाल्याने कोथिंबीर महाग सांगितली तेव्हा मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "नहीं भैया, मैं निर्णय ले चुकी हूँ." तो बिचारा फुकट द्यायला लागला.

नवरा स्वप्निल इथल्या स्टील प्लांटमध्ये आहे. त्या आठवड्यात त्याला नाईट शिफ्ट होती. दुपारी तो झोपेतच असायचा, मग त्याच्याशी बोलायचं कधी? तशात बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "रिसालीवाला म्हणते, खोलून पाहा लागन. वायरिंगचाही प्रॉब्लेम असन." रिसाली म्हणजे इथलाच एक भाग; तिथे डोक्याचा डॉक्टर असणार! मी सरळ आरशासमोर जाऊन कपाळ चाचपलं! तडक जाऊन नवऱ्याला हलवलं.

"अहो, बाबा रिसालीला दाखवायचं म्हणतायत."

"हां, मीच बोललो त्यायले," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "कितने दिन से नुसती पडून आहे ना यार. असं तर गंज लागन."

"गंज?"

"हं. थोडं ऑइलिंग केलं का एकदम मस्त."

आणि घोरायला लागला. ज्या माणसाबरोबर मी सात जन्मांचा नाही तरी हा एक जन्म काढायचं कबूल केलं होतं, तो मला ऑइलिंग सुचवत होता!

मग आला रविवार. शेजारचे देवांगन अंकल चहाला आले. हे बाबांचे जुने दोस्त, नुकतीच भली थोरली नवी गाडी घेतलेले, आणि ती घेतल्याचं दिवसातून चारदा सांगणारे. मी ट्रे घेऊन दारापर्यंत पोचले आणि तिथेच थिजले.

"दे दो भैया," अंकल म्हणत होते. "रायपुरवाला शौकीन आदमी है. रानी बना के रखेगा."

बाबांनी मोठा उसासा टाकला. "मन होत नाही रे. पण घरी ठेवून तरी काय करू? बोलाव त्याले. येऊ दे, पाहून जाऊ दे."

मी ट्रे तिथेच खाली ठेवला. आणि जन्मात जो आवाज मी काढला नव्हता, तो निघाला.

"मी रायपूरला जाणार नाही! कुणी पाहायला यायचं नाही! आणि माझ्यात सेल्फ आहे! भरपूर आहे! मला कुणाच्या धक्क्याची गरज नाही!"

देवांगन अंकलांच्या हातातलं बिस्किट गळून चहात बुडालं.

सासूबाई धावत आल्या. "अवं, तुले कोन रायपूरले पाठवून राहिलं?"

"बाबा! मला सेल्फ नाही म्हणून!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट, मग सगळी खुर्ची. डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "चाल माझ्यासंग."

मागच्या अंगणात ताडपत्रीखाली एक ढीग होता. मी समजत होते, लग्नातल्या उरलेल्या गाद्या. बाबांनी ताडपत्री ओढली.

गोल डोळ्यांची, फिक्या निळ्या रंगाची, जुन्या काळातली एक छोटीशी गाडी! एखादी शहाणी मुलगी बाकावर हात जोडून बसावी, तशी.

"हिचा सेल्फ गेला पोरी. ते चाबी फिरवली का इंजिन उठवते ना, तो सेल्फ. तुयाबद्दल कोन बोलते!"

म्हणजे मानसशास्त्राची पदवी मी मोटर मेकॅनिककडून तपासून घ्यायला हवी होती.

मग बाबा बॉनेटवर हात ठेवून बोलत राहिले. ही त्यांच्या वडिलांची गाडी. प्लांटमध्ये भट्टीपुढे राबलेला माणूस. जुनीच घेतली, पण वस्तीतली पहिली गाडी. तेव्हापासून दर भीमजयंतीला मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो हिच्यावर असतो, ही सगळ्यात पुढे. गेल्या वर्षी मात्र चौकातच बंद पडली. मागे बँड, मागे सगळी वस्ती, आणि हिला कडेला ढकलून मिरवणूक पुढे गेली.

"आपली गाडी कडेले अन् फोटो दुसऱ्याच्या टेम्पोवर. तिथंच मन उतरलं," बाबा म्हणाले. "औंदा देवांगनची गाडी पुढं राहीन. मंग हिले देऊन टाकतो."

मी दार उघडून आत बसले. अहाहा! रेक्झिन आणि पेट्रोलचा तो मिसळलेला वास. बांगडीसारखं बारीक स्टिअरिंग. वाऱ्यासाठी वळवायची तिकोनी काच. आणि गिअर स्टिअरिंगच्याच दांड्याला! नाशिकला माझ्या वडिलांकडे हिचीच बहीण होती. मी गाडी शिकले ती तिच्यावर. हल्लीच्या गाड्या सारख्या बोलतात: पट्टा लावा, दार लावा, डावीकडे वळा. ही काही बोलत नाही. हिचं तुम्हाला ऐकावं लागतं. इंजिनाचा सूर थोडा बदलला, की समजायचं बाईसाहेबांना काहीतरी खुपतंय. कमी बोलणाऱ्यांचं एकमेकींशी जमतं हो!

हात आपोआप दांड्यावर गेला आणि दुसरा गिअर खट्कन पडला.

"बाबा," मी म्हटलं, "जयंतीला हीच पुढे राहील. मी चालवते."

"सेल्फचं काय?"

"सुरुवातीला एक धक्का. मग मी बंद पडू देत नाही."

"तू? गिअर कुठे आहे तो दिखा क्या?" स्वप्निल दारातून म्हणाला. मी गिअर पाडून दाखवला.

जयंतीचा दिवस. एप्रिलातलं भिलाईचं ऊन, म्हणजे शहराचीच भट्टी झालेली. गाडीवर फोटो, झेंडूचे हार. मी पांढऱ्या साडीत, पदर खोचून. मागून स्वप्निल आणि त्याच्या दोस्तांनी ढकललं, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, आणि गाडी एक उचकी देऊन गुरगुरली. "जय भीम!" वस्ती ओरडली. बँड सुरू.

वडिलांचे सगळे उपाय मी केले होते. बॉनेट बोटभर उघडं. आतल्या पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं, तो तापून इंजिन बंद पडू नये म्हणून. गर्दी थांबली की गिअर काढायचा, पण पाय हलकेच अॅक्सिलरेटरवर. शेजारी बसलेले बाबा दर चौकाआधी माझा पाय बघत आणि श्वास रोखत. आणि तो चौक आला, गेल्या वर्षीचा. इंजिनाचा सूर खाली उतरला. सासूबाईंनी चालता चालता बॉनेटच्या फटीतून फडक्यावर पाण्याची बाटली ओतली. मी पाय दाबला. "चल गं बाई," मी पुटपुटले. सूर वर चढला. चौक मागे पडला! बाबांनी श्वास सोडला तो मला बँडपेक्षा मोठा ऐकू आला.

रस्ताभर काय विचारता! म्हाताऱ्या बायका खिडकीतून तिला कुरवाळत होत्या. पोरं फोटो काढत होती. कुणी म्हणे माझी वरात हिच्यातूनच निघाली. मागे देवांगन अंकलांची नवी गाडी मात्र गर्दी जवळ आली की टीं-टीं करायची, नाचणारं कुणी पुढे आलं की आपणहून करकचून थांबायची.

"अरे, ये मानती ही नहीं!" अंकल काच खाली करून घाम पुसत ओरडले.

"अंकल, सेल्फ जास्त आहे तिला!" मी ओरडले. मी! भर रस्त्यात!

मिरवणूक संपते त्या मैदानाशी पोचलो. गाडी एकदाही बंद पडली नव्हती. टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी हार माझ्याच गळ्यात घातला. बाबा बॉनेटवर थाप मारून सगळ्यांना सांगत होते, "रायपूरवाल्याले सांगा, विसरून जाय! हे माझी सून, अन् हे माझी गाडी. दोघीही कुठं जात नाहीत!"

मी एखाद्या राणीसारखी उतरायला निघाले. पदर सारखा केला. आणि वडिलांची शिकवण होती ना, गाडीतून उतरताना चावी काढायचीच, म्हणून ऐटीत चावी फिरवून काढली.

इंजिन शांत झालं.

मैदानाच्या फाटकात, बरोबर मधोमध. मागे बँड, बँडमागे देवांगन अंकल, त्यांच्यामागे सगळी वस्ती. कुणालाच आत यायला जागा नाही. टाळ्या हळूहळू थांबल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. स्वप्निलने तर कपाळालाच हात लावला.

मी चावी पदराआड लपवली. मग म्हटलं, आता लपवून काय करायचंय? घसा साफ केला आणि अख्ख्या हुडकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बाबा, मलेच सेल्फ नाही! या, द्या धक्का!"