मुरानं पेरलेले भोपळे

याल्झाकाकूचं शेत मुरा नदीच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला होतं. म्हणजे पाण्याच्या तोंडातच. डोंगरातलं बर्फ वितळलं की नदी फुगायची, काठावर धडका द्यायची आणि एखादा लचका धप्पकन पाण्यात जायचा. काकू मग गोठ्यापासून काठापर्यंत पावलं टाकून बघायची. ती लग्न होऊन आली तेव्हा एकशे दहा पावलं होती. मी गावात टपाल वाटायला लागले तेव्हा उरली होती अठ्ठेचाळीस.

समोरच्या काठाचं सगळं उलटं. तिथं पाणी संथ, त्यामुळे नदी वाळू आणून ठेवायची. वाळूवर वाळुंजाची झुडपं यायची, मग गवत, आणि त्या गवतात ब्लाझ कोलारेक आपली बदकं चरायला सोडायचा. रोज सकाळी तो पलीकडून हाक मारायचा.

"अगं याल्झा, उपकार झाले गं! यंदा चार पावलं जमीन धाडलीस!"

"खा मेल्या! माझ्या सासऱ्याची माती खाऊन तुझी बदकं माजलीत. तूही माजलायस!"

दोघांनाही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही भांडणं नसती तर दोघं कुणाशी बोलली असती कोण जाणे.

एका शरद ऋतूत सलग पाच दिवस पाऊस लागला. बियांचं तेल काढण्यासाठी काकूनं भोपळे तोडून काठाजवळ रचले होते. सकाळी बघते तर ढीग नाही आणि ढिगाखालची जमीनही नाही. हिरवेपिवळे भोपळे रांगेनं डुलत खाली चालले होते. ते तिच्या आईकडचं वाण, मानेवर चामखिळी असलेलं. दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांचं भांडण झालं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी सायकलवरून खालच्या गावाचं टपाल घेऊन निघाले होते. पुढच्या वळणावर, आमच्याच काठाला, नदीनं गाळाचा नवा पट्टा टाकला होता. त्यावर वेल पसरले होते आणि वेलांत चामखिळीच्या मानेचे भोपळे! मी तशीच मागे फिरले.

"ब्लाझ्यानंच लावले असणार," काकू म्हणाली. "चोर कुठला!" तिनं त्याला हाका मारून होडी आणायला लावली आणि मलाही आत बसवलं.

पट्ट्यावर पाय ठेवताच ब्लाझ गुडघ्यापर्यंत रुतला. काकू पोट धरून हसली. मग वाकून तिनं मूठभर गाळ उचलला, चोळला, वास घेतला.

"माझीच माती," ती हळूच म्हणाली. "समोर गेलीच नव्हती. पाण्याबरोबर खाली आली आणि वेग कमी झाला तिथं बसली. माझ्याच काठाला!"

"मग माझ्याकडची वाळू कुणाची?" ब्लाझनं चिखलातूनच विचारलं.

"वरच्या वळणावर, तुझ्याच बाजूला, कुणाचा काठ ढासळतोय?"

ब्लाझचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे देवा. मेहुण्याची अलुबुखाराची बाग!"

"मग त्याला सांग की उपकार झाले म्हणून. मला वीस वर्षं सांगतोयस!"

निरोप मीच पोचवला, तोही न विसरता. पुढच्या रविवारी मेहुणा फावडं खांद्यावर टाकून ब्लाझच्या दारात उभा. "माझी बाग कुठंय, दाखव!" भाजलेली दोन बदकं आणि बाटलीभर वाईन पोटात गेल्यावर त्यानं दावा सोडला. त्या जेवणाला काकूही होती. बदकाची तंगडी तिनं मागून घेतली.

गाळाच्या त्या पट्ट्यावर मालकी सांगायला कुणी आलं नाही. काकूनं तिथं सात वर्षं भोपळे घेतले. बियांचं तेल असं गडद निघायचं की पावाला लावलं की पाव काळा दिसायचा. होडी ब्लाझ वल्हवायचा, शिव्या काकू द्यायची.

आठव्या वर्षी पुरानं तो पट्टा मधोमध चिरला आणि अर्धा उचलून नेला. मला वाटलं, आता काकू खचणार. मी धावत नदीवर गेले. काकू होडीत बसली होती, मांडीवर बियांची पिशवी.

"चल रे," ती ब्लाझला म्हणाली, "आणखी एक वळण खाली जाऊन बघू."