भावोजींचा डावखुरा

शुक्रवार, ३० सप्टेंबर २०२२. फुटबॉल विश्वचषकाला एक्कावन्न दिवस बाकी. स्थळ: दोह्यात, आमचा अल मुंतझामधला फ्लॅट. हजर: मी, हे, शेजारची सलमा, तिचे इक्बालभाई आणि भावोजी. उशिरा आले: इक्बालभाई. नाश्ता: माझे दडपे पोहे, सलमाचे घावन. गैरहजर: कोणी नाही.

वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवली, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल की बाई वाढवून सांगते. मला वाढवून सांगायची गरज नाही. माझ्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, हे मुळात वाढवूनच जन्माला आलेले आहेत. बेसबॉलचा एवढा अभ्यास करून एवढ्या सातत्याने हरणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल. आणि हरल्यावर तितक्याच शांतपणे आणखी पोहे मागणारा तर पृथ्वीच्या पाठीवर नसेल.

भावोजींचा धंदा एसीचा. म्हणजे दुकानातला एसी नव्हे. मोठमोठ्या इमारतींत गार हवा कुठून आणायची आणि कुठून सोडायची, हे ठरवणारे ते इंजिनियर. वन्सं नाशकात, सासूबाईंपाशी. भावोजी इकडे, दोह्याशेजारी अल वक्र्यात एकटे. त्यामुळे त्यांना आवरणारं कोणी नाही. आमच्या घरात आले की आधी नमस्कार नाही, पाणी नाही. हॉलमधल्या एसीखाली जाऊन हात वर करून उभे. पाहणाऱ्याला वाटावं, छताला आशीर्वाद देताहेत. मग खिशातून टिश्यूची पट्टी काढून जाळीला चिकटवायची, ती किती फडफडते ते बघायचं आणि जाहीर करायचं, "वहिनी, सोफा चुकीच्या जागी आहे." आमचा सोफा त्यांनी तीनदा हलवला. चौथ्या वेळी ह्यांनी सोफ्यावर आडवे पडून सत्याग्रह केला. नाशिकला पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भावोजी अक्षता हातात घेऊन मागच्या मागे निघून गेले आणि हॉलच्या मॅनेजरला म्हणाले, "तुमच्याकडे दहा टन कमी पडताहेत." अक्षता शेवटी मॅनेजरवर पडल्या. वन्सं सांगतात, पाहायला आले तेव्हाही त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला होता: "या खोलीची भिंत पश्चिमेला आहे का?" वन्सं हो म्हणाल्या आणि लग्न ठरलं.

दुसरी गोष्ट कागदाची. सही-शिक्क्याचं ड्रॉइंग हातात आलं की त्याबाहेर एक इंचही जायचं नाही, हा त्यांचा धर्म. "साइटवर डोकं चालवणारा माणूस भिंतीत खिडकी विसरतो," असं ते म्हणतात. फोनवर आलेल्या माहितीला माहितीच समजत नाहीत. बाजाराची यादी मी व्हॉट्सॲपवर पाठवली तर उत्तर येतं, "हार्ड कॉपी?" आणि मला याद्या करायची सवय. त्यामुळे आमच्या दोघांचं फार जमायचं. माझी यादी म्हणजे त्यांच्या भाषेत 'अप्रूव्हड ड्रॉइंग'. एकदा मी चुकून कोथिंबीर दोनदा लिहिली. ह्या गृहस्थांनी दोन जुड्या आणल्या, वेगवेगळ्या पिशव्यांत.

वक्र्यात विश्वचषकासाठी बांधलेल्या स्टेडियमवर भावोजींनी तीन वर्षं काढली. खुर्च्यांखालून गार हवा सोडायची, ते काम त्यांच्याकडे. एकेका खुर्चीवर बसून, पायाशी वाऱ्याचं मीटर धरून तपासणी केली. उठताना "स्नॅग नाही", म्हणजे कामात खोट नाही, असं म्हणायचं, पुढची खुर्ची. "रिकाम्या खुर्च्यांना वारा घालतोय, वहिनी," म्हणायचे. "मूर्ती बसायच्या आधीच नैवेद्य दाखवल्यासारखं." पुढे तिथे सामने झाले, तेव्हा भावोजी खाली मशीनरूममध्ये, डोळे काट्यांवर. वरून ओरडा ऐकू यायचा, माणूस एकही दिसायचा नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: एकदा वर बसून, खुर्च्यांत माणसं बसलेली बघायची.

ती संधी चालून आली. विश्वचषकाची तिकिटं लागली, ह्यांच्या नावावर तीन, तीही नेमकी वक्र्याचीच. दोन आमची. तिसरं पुण्यात शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांचं होतं. त्यांनी "मॉम, आय हॅव एक्झाम्स" एवढ्यावर विषय खलास केला. तिकिटावर हक्क सांगणारे तिघे: भावोजी, सलमा आणि इक्बालभाई. मी सरळ म्हटलं, भावोजींना देऊ. सलमा म्हणाली, "देवा की, माझा काय नाय." पण ज्यांना द्यायचं तेच अडून बसले. "फुकट नको. सर्वांना समान संधी. टेंडर काढा."

पैशाची पैज इथे कायद्याने बंद आणि माझ्या घरात त्याहून बंद. तेव्हा ठरलं ते असं: बारा शुक्रवार, दर शुक्रवारी एक बेसबॉलचा सामना, जिंकणारा संघ आधी सांगायचा. ज्याचे जास्त बरोबर, त्याचं तिकीट. सम-समान झाल्यास वयाने मोठा तो विजयी. बेसबॉलच का, तर ती भावोजींचीच कृपा. पूर्वी त्यांच्या साइटवर एक अमेरिकन म्हातारा होता, तो जाताना भावोजींना आपली टोपी आणि नियमांचं पुस्तक देऊन गेला. तेव्हापासून हे त्या धर्मात गेले. शिवाय शुक्रवार सुट्टीचा, उन्हाळ्यात पाचला लख्ख उजाडतं, सलमाच्या घरी फजरच्या नमाजाला सगळे उठलेलेच असतात, भावोजी तर चारपासून जागे, आणि त्या वेळी टीव्हीवर चालू असलेला दुसरा खेळ नाही. सकाळी पाचला, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, थेट.

निवडण्याची प्रत्येकाची पद्धत निराळी. इक्बालभाई नेहमी उशिरा येऊन, आधीच पुढे असलेला संघ निवडायचे, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात बाद झाले. सलमा दाढी बघायची. चेंडू टाकणाऱ्याला तिथे पिचर म्हणतात. ज्याच्या पिचरची दाढी नीट कोरलेली, तो संघ तिचा. "जो माणूस दाढी सांभाळतो तो चेंडू पण सांभाळतो," ती म्हणायची आणि जिंकायची. भावोजींची पद्धत मात्र तीन पानी होती. मैदानावरचा वारा, हवेतली आर्द्रता, संघ विमानातून उतरून किती तास झाले, आणि सगळ्यांच्या वर, पिचर कोण. "वहिनी, प्रत्येक संघाकडे पाच पिचर, रोज एकाची पाळी. आज कोणाची पाळी, हे कळलं की अर्धा सामना कळला." ही पाळी कळवायचं काम अर्थातच माझ्याकडे. गुरुवारी दुपारी मी सामना टीव्हीच्या पत्रकातून घ्यायची, पिचरांची नावं एका अमेरिकन साइटवरून उतरवायची, दोन्हींचा एक सुबक तक्ता करायची आणि सही करून भावोजींना पाठवायची. एकदा सही राहिली तर त्यांनी तो परत पाठवला होता.

आणि मग शुक्रवारी पाचला गंमत सुरू व्हायची. भावोजी ती जुनी टोपी घालून, तक्ता मांडीवर ठेवून, सोफ्यावर वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात बसणार. मैदानात पिचर येणार. भावोजी चष्मा वर करणार, तक्ता बघणार, परत टीव्ही बघणार.

"हा कोण? आज तर डावखुऱ्याची पाळी!"

"भावोजी, हा उजव्या हाताने टाकतोय."

"तेच म्हणतोय. ऐनवेळी बदलला! या लोकांना प्लॅनिंगच नाही. वहिनी, तुमच्यासारखी एक बाई तिकडे बसवा, आठ दिवसांत सुधारतील."

हे दर आठवड्याला. अमेरिकन प्रशिक्षकांच्या चंचलपणावर त्यांनी एक सिद्धांतच मांडला. आमचे हे, पोहे खाता खाता म्हणायचे, "भावोजी, तक्ताच चुकला असेल." त्यावर भावोजी असे बघायचे, जणू ह्यांनी देवघरात चपला घातल्या. "वहिनींचा? यल्ला, चल, चहा आण."

तर ३० सप्टेंबर, बारावा शुक्रवार. सलमा सात, भावोजी सहा. भावोजींचा बरोबर आला आणि सलमाचा चुकला तर सात-सात, आणि वयाने तिकीट भावोजींचं. त्या दिवशी त्यांनी एसीखाली हातसुद्धा धरला नाही, तेव्हाच मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं. सलमाने निळ्या टोपीवाले घेतले. भावोजींनी करडे. तक्त्यात करड्यांचा एक डावखुरा होता, त्याच्यावर त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं. समासात लाल शाईने: "आज नाही तर कधीच नाही."

मैदानात आला तो सव्वासहा फुटी, उजव्या हाताचा, भुवयांपर्यंत दाढी आलेला इसम.

"बदलला," भावोजी हळूच म्हणाले.

सलमा म्हणाली, "याचा तोंड तरी दिसताय काय? माझे निळेच बरे." मग तिने भावोजींकडे बघितलं आणि पुढचे अडीच तास ती चक्क करड्यांसाठी दुवा मागत बसली. उपयोग झाला नाही. निळे जिंकले. आठ-सहा.

भावोजींनी टोपी काढली, आतला घाम रुमालाने पुसला आणि म्हणाले, "वहिनी, आणखी पोहे आहेत?"

सलमाने तिथल्या तिथे तिकीट देऊ केलं. "मला ऑफसाइड पण कळत नाय वो भावोजी, तुम्ही जा." ह्यांनी स्वतःचं देऊ केलं. इक्बालभाईंनी, ज्यांच्याकडे तिकीट नव्हतंच, त्यांनीही देऊ केलं. भावोजींनी सगळ्यांना हात जोडले. "टेंडर उघडल्यावर रेट बदलत नाहीत. सलमाताई, सीट कुठली ते कळलं की सांगा. त्या ब्लॉकचा वारा मी स्वतः तपासलाय. शाल न्या."

त्यांचं कंत्राट ऑक्टोबरअखेर संपत होतं. तिकीट असतं तर महिनाभर थांबायची परवानगी मागणार होते. आता थांबण्यासारखं काही नाही म्हणाले. शहरभर झेंडे लागत होते, रोज एक रस्ता बंद होऊन दुसरा उघडत होता, जग दोह्याकडे यायला निघालं होतं आणि त्याच आठवड्यात आमचे भावोजी उलट दिशेच्या विमानात बसले. सामान दोन बॅगा. टोपी सलमाला दिली. मीटर स्वतःकडे ठेवलं. जाण्यापूर्वी आमचा सोफा त्यांना हवा होता तिथे हलवून गेले. ह्यांनी दुसरं टोक धरलं.

आमच्या सामन्याच्या दिवशी सकाळी मी न्यायच्या वस्तूंची यादी काढायला फाइल उघडली, तर वर भावोजींचा शेवटचा तक्ता. फाडायच्या आधी शेवटचा हिशेब जुळवून ठेवावा, म्हणून त्या सामन्याची अमेरिकन साइट उघडली. सामना सापडेना. सापडला तो आदल्या दिवशीच्या रकान्यात. तारीख: २९ सप्टेंबर, गुरुवार. आपल्याकडे शुक्रवारची सकाळ, तेव्हा त्यांच्याकडे गुरुवारची संध्याकाळ. मी मात्र बाराही आठवडे शुक्रवारला शुक्रवार जुळवून पिचर उतरवले होते. म्हणजे मैदानात आज ज्याची पाळी तो यायचा आणि भावोजींच्या मांडीवर असायचा उद्याचा. अमेरिकेत कोणीही ऐनवेळी काहीही बदललं नव्हतं.

मी खरे पिचर घालून, त्यांच्याच तीन पानी पद्धतीने बाराही शुक्रवार पुन्हा सोडवले. हरलेले तीन जिंकलेले निघाले. जिंकलेला एकही हरला नाही. नऊ. सलमा आठ. दाढी बघणारीला आणि उशिरा येणाऱ्याला माझ्या चुकीने काडीचा फरक पडला नव्हता. ज्याने माझी यादी मनापासून वाचली, तो एकटाच बुडाला.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझी यादी नीट वाचली आणि म्हणाले, "आता संध्याकाळी सामना. भावोजी नाशकात. सांगून काय करशील?" मी म्हटलं, सांगायला तर हवंच. आणि यादीत खाली लिहिलं: भावोजींना सांगणे.

संध्याकाळी वक्र्याला बसलो. आम्ही दोघं आणि मध्ये सलमा, डोक्यावर ती टोपी, अंगावर शाल. खेळ सुरू व्हायच्या आधीच तिने व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे नाशिकचं स्वयंपाकघर, पोळीचा धूर, मागून वन्संचा आवाज, "अहो, आधी जेवून घ्या!"

"भावोजी, ऐकू येताय काय?"

"ते राहू दे. पायाला वारा लागतोय का?"

"गारठलाव वो!"

"तुमच्याशी नाही. वहिनींना द्या. वहिनी, फोन खाली धरा. खुर्चीखाली. आता वर. आता फिरवा, हळू."

मी फोन हळूहळू फिरवला. खालच्या ओळीपासून छतापर्यंत प्रत्येक खुर्चीत माणूस होता. कोणी झेंडा पांघरलेला, कोणी बापाच्या खांद्यावर, कोणी नुसताच तोंड उघडं टाकून. कोणाचंही लक्ष पायांकडे नव्हतं. पलीकडे भावोजी चष्मा वर करून स्क्रीनला टेकले ते हलेचनात. नेट गेलं असं वाटलं, पण पोळीचा धूर हलत होता.

"भरलंय," ते शेवटी म्हणाले. "स्नॅग नाही."

"भावोजी, तुम्हाला एक सांगायचं होतं," मी म्हटलं.

"नंतर, नंतर. वहिनी, सामना सोडून बोलू नका. आणि हे बघा, पुढच्या हंगामात पुन्हा करू. मी इथून खेळतो. फक्त तक्ता तुम्हीच करायचा. हार्ड कॉपी, सहीसकट. दुसऱ्या कोणाच्या कागदावर माझा विश्वास नाही."

त्यानंतर वही संपली, नवी घेतली. जुन्या वहीत राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवायची माझी पद्धत आहे. गॅसची नळी बदलली, सोफ्याचं कव्हर शिवून झालं, सलमाचा डबा परत गेला. एक काम मात्र पानापानावर पुढे सरकतंय. दोन शब्द आहेत आणि नाशिकचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो.